'नो कोड' नापास? पेपर कुणी तपासला?

पर्ल जॅम या अमेरिकन रॉक बँडच्या 'नो कोड' या अल्बमचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं. "तिथून त्यांची उतरण सुरू झाली." हा बँडचा चौथा स्टुडिओ अल्बम, २७ ऑगस्ट १९९६ चा. ज्यांनी तो ऐकला नाही तेही हे वाक्य बोलतात. ज्यांनी ऐकलाय त्यातले बरेच जण ते मान्य करून वर थोडी दयामाया दाखवतात, "तसा अगदीच वाईट नाही हो." मला ते वाक्य मान्य नाही आणि ही दयामाया तर मुळीच नाही.

आधी या वाक्याला आधार काय तो पाहू. आधार एकच, आकडे. १९९३ चा 'व्हर्सेस' पहिल्याच आठवड्यात अमेरिकेत ९ लाखांवर खपला होता. १९९४ च्या 'व्हायटॉलॉजी'ची सीडी बाजारात आल्यावर एका आठवड्यात साडेआठ लाखांच्या पुढे गेली. 'नो कोड'चा पहिल्या आठवड्याचा खप साडेतीन लाखांच्या थोडा वर. तरीही तो बिलबोर्डच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर आला होता, हे सांगायचं मात्र सगळे विसरतात. वर्गात पहिला आलेल्या मुलाला आपण नापास म्हणतोय, कारण काय, तर गेल्या वर्षी त्याला जास्त मार्क होते!

मी शिक्षक आहे. बी.एड.ला मूल्यमापन शिकताना दोन शब्द आमच्याकडून घोटून घेतले होते, विश्वसनीयता आणि सप्रमाणता. चाचणी विश्वसनीय म्हणजे कितीही वेळा घेतली तरी उत्तर तेच. चाचणी सप्रमाण म्हणजे जे मोजायचं आहे तेच ती मोजते. वजनकाटा अगदी विश्वसनीय असतो, पण त्यावर उभं करून मुलाचा ताप सांगता येत नाही. पहिल्या आठवड्याचा खप हा असाच वजनकाटा आहे. तो जाहिरात मोजतो, मागच्या अल्बमने निर्माण केलेली अपेक्षा मोजतो, दुकानात किती माल पोचला ते मोजतो. गाणं कसं आहे हे तो मोजूच शकत नाही, कारण पहिल्या आठवड्यात विकत घेणाऱ्या बहुतेकांनी अल्बम अजून ऐकलेलाच नसतो.

बरं, खप घटला तो का? याची कारणं गाण्यांच्या बाहेरही आहेत आणि ती जगजाहीर आहेत. १९९४ मध्ये या बँडने तिकीटविक्रीतल्या बलाढ्य टिकेटमास्टर कंपनीशी उघड भांडण घेतलं. तिकीट वीस डॉलरच्या आत असावं आणि त्यावरचा सेवाआकार दहा टक्क्यांच्या वर जाऊ नये, एवढीच मागणी. ३० जून १९९४ रोजी स्टोन गोसार्ड आणि जेफ अमेंट या दोघांनी अमेरिकी संसदेच्या उपसमितीपुढे साक्ष दिली. न्याय विभागाने चौकशी सुरू केली आणि जुलै १९९५ मध्ये गुंडाळली. बँडने मात्र हट्ट सोडला नाही. मोठमोठी सभागृहं त्या कंपनीशी बांधलेली, म्हणून आडवळणाच्या जागा शोधायच्या आणि मोजकेच कार्यक्रम करायचे. त्यात 'जेरेमी'नंतर म्युझिक व्हिडिओ करणंही त्यांनी बंद केलेलं. कार्यक्रम कमी, टीव्हीवर दर्शन नाही, मग खप घटणारच. ही तत्त्वाची किंमत होती. तिला प्रतिभेचा ऱ्हास म्हणणं म्हणजे संपावर गेलेल्या कामगाराला आळशी म्हणण्यासारखं आहे. मे २०२४ मध्ये त्याच न्याय विभागाने टिकेटमास्टर आणि तिच्या मूळ कंपनीवर मक्तेदारीचा खटला भरला. तीस वर्षांपूर्वी हेच सांगणाऱ्यांना लोक वेडे म्हणत होते.

आता दुसरा आरोप. "हा ग्रंजच नाही." ही तक्रार निदान गाण्याबद्दल आहे, म्हणून तिला नीट उत्तर द्यायला हवं. ग्रंज म्हणजे सिएटल शहरातून वर आलेलं, गिटारचा खरखरीत आवाज आणि आतली घुसमट घेऊन आलेलं रॉक. पण १९९६ पर्यंत त्याचं काय झालं होतं? कर्ट कोबेन एप्रिल १९९४ मध्ये गेला होता. रेकॉर्ड कंपन्या तशाच दाटलेल्या आवाजात कण्हणारी नवी नवी पोरं शोधत होत्या. वेदनेचा साचा तयार झाला होता. अशा वेळी एडी वेडरने पुन्हा तसंच ओरडून गायलं असतं, तर तो स्वतःचीच नक्कल करणारा ठरला असता. 'नो कोड'ची सुरुवात 'समटाइम्स' या जवळजवळ कुजबुजत्या गाण्याने होते, शेवट 'अराउंड द बेंड' या अंगाईने. मध्ये जेमतेम मिनिटभराचं, दात-ओठ खाऊन गायलेलं 'ल्यूकिन' आहे. म्हणजे ओरडता येत नव्हतं असं नाही. कुठे ओरडायचं ते त्यांनी निवडलं.

सगळी तेरा गाणी सारख्या तोलाची आहेत असा माझा दावा नाही. गोसार्डने गायलेलं 'मॅनकाइंड' मला अजूनही बाजूच्या घरातून ऐकू आल्यासारखं वाटतं. 'आय'म ओपन' हे गाण्यापेक्षा बोलणंच जास्त आहे आणि दुसऱ्यांदा ऐकताना लांबतं. पण हा एकेका गाण्याचा हिशेब झाला. सगळ्या अल्बमवर मारलेला 'फसलेला' हा शिक्का या हिशेबातून आलेला नाही.

आणि आता माझ्या जिव्हाळ्याचा मुद्दा. मी उर्दू शिकवतो, म्हणून "तुम्ही कव्वाली ऐका हो, हे गोऱ्यांचं रॉक तुम्हाला कशाला?" असा सल्ला मला अधूनमधून मिळतो. सल्ला देणाऱ्यांना ठाऊक नसतं की या अल्बमच्या दारात एक कव्वाल उभा आहे. उस्ताद नुसरत फतेह अली खान १९९२-९३ मध्ये सिएटलच्याच वॉशिंग्टन विद्यापीठात पाहुणे कलाकार म्हणून शिकवत होते, म्हणजे ग्रंज ऐन भरात असताना ग्रंजच्याच गावात. पुढे फाशीच्या शिक्षेवरच्या 'डेड मॅन वॉकिंग' या टिम रॉबिन्सच्या १९९५ च्या चित्रपटासाठी नुसरत आणि वेडर दोन गाणी एकत्र गायले. तिथे नुसरत आपल्या ढंगात गातात, वेडर त्याच्या. कुणी दुसऱ्याचा आवाज काढत नाही. त्यानंतर आलं 'नो कोड'मधलं 'हू यू आर'. त्यात वेडरने इलेक्ट्रिक सतार वाजवली आहे आणि त्यामागे नुसरतसोबतच्या कामाचा हात आहे हे त्यानेच सांगितलंय. त्या गाण्याचा ताल मात्र ड्रमर जॅक आयर्न्सचा. लहानपणी ऐकलेल्या मॅक्स रोच या जाझ ड्रमरच्या वादनातून त्याला तो सुचला.

यावर तिसरा आरोप येतो, तो आपल्याकडच्या लोकांचा. "म्हणजे चोरलंच की!" दोस्तहो, चोरी बघायची असेल तर सिएटलपर्यंत जायची गरज नाही. १९९४ चा 'मोहरा', १९९६ चाच 'राजा हिंदुस्तानी', नुसरत यांच्या चाली मुंबईत बेधडक उचलल्या गेल्या आणि आपण लग्नाच्या वरातीत त्यावर नाचलो. 'हू यू आर'मध्ये नुसरत यांची चाल नाही, तान नाही, कव्वालीचं सोंग नाही. एका माणसाने दुसऱ्याशेजारी बसून ऐकलं आणि घरी गेल्यावर त्याचं स्वतःचं गाणं थोडं बदललं, इतकंच. याला चोरी म्हणत नाहीत. आमच्या भाषेत याला सोहबतीचा असर म्हणतात.

कव्वालीच्या बैठकीला जुनी माणसं 'महफिल-ए-समाअ' म्हणतात. समाअ म्हणजे ऐकणं. म्हणजे त्या बैठकीचं नाव ऐकणाऱ्यावरून पडलंय, गाणाऱ्यावरून नव्हे. 'नो कोड' हा मला याच अर्थाने ऐकणाऱ्यांचा अल्बम वाटतो. 'ऑफ ही गोज'मध्ये वेडर एका कधीच न थांबणाऱ्या मित्राबद्दल गातो आणि तो मित्र म्हणजे तो स्वतःच आहे. जगावर संतापणारा गायक इथे स्वतःकडे कान लावून बसलाय. वेष्टणही तसंच आहे. ढीगभर छोटे फोटो, गाण्यांचे शब्द सुट्या कार्डांच्या पाठीवर, आणि गाणी तेरा असताना एका प्रतीत कार्डं नऊच. सगळे शब्द हवे असतील तर दुसऱ्या ऐकणाऱ्याला गाठा.

मग एवढं भांडण कशासाठी? एका अमेरिकन बँडच्या खपाने तुमच्या-माझ्या घरात काय बिघडणार? बिघडतं ते असं. ज्या सवयीने आपण या अल्बमला नापास केलं, त्याच सवयीने आपण माणसांनाही नापास करतो. नव्वद टक्क्यांवरून सत्तरवर आलेल्या मुलीने या वर्षी पहिल्यांदा पाठांतर सोडून स्वतःच्या शब्दांत उत्तरं लिहिली, हे गुणपत्रिकेवर कुठे दिसतं? पालकसभेत तिच्याबद्दल बोलताना लोक तेच वाक्य वापरतात, "इथून हिची उतरण सुरू झाली." तिने काय लिहिलंय ते कुणी वाचलेलं नसतं.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. 'नो कोड' आवडला नाही तर खुशाल सांगा, कोणतं गाणं, का, तेही सांगा. मी वाद घालीन आणि कदाचित हरेनही. पण तो अल्बम 'फसला' असं म्हणायचं असेल, तर आधी एवढं सांगा की तुम्ही त्याचा पेपर तपासलात, की नुसती गुणांची यादी वाचलीत?