आत्मचिंतन म्हणजे पेन्शन नव्हे

‘मुले मार्गाला लागली, घर झाले, हजही झाली. आता जरा स्वतःकडे बघायचे आहे.’ आपल्याकडच्या यशस्वी माणसांच्या तोंडी हे वाक्य हमखास असते. ऐकणारेही ‘माशाअल्लाह’ म्हणत माना डोलावतात. माझी या वाक्याला हरकत आहे. आधी कमवायचे आणि मग निवांत बसून आयुष्याचा अर्थ शोधायचा, असे त्यात गृहीत धरलेले असते. आत्मचिंतन म्हणजे जणू पेन्शन. नोकरी पूर्ण झाली की हक्काने मिळणारी.

या समजुतीला आधार म्हणून इमाम गझालींचे नाव घेतले जाते. यशाच्या शिखरावर असताना सगळे सोडून फकीर झालेला विद्वान, एवढीच त्यांची गोष्ट आपल्याला ठाऊक असते. पूर्ण गोष्ट पाहिली तर ती आपल्या बाजूने साक्ष देत नाही.

गझालींचा जन्म १०५८ साली खुरासानमधल्या तूस इथे झाला. १०९१ मध्ये सेल्जुकांचा वजीर निजामुल्मुल्क याने त्यांना बगदादच्या निजामिया मदरशात अध्यापक नेमले. त्या काळात विद्वानासाठी याहून मोठी जागा नव्हती. तीनशे विद्यार्थी त्यांच्यापुढे बसत. १०९५ मध्ये त्यांनी ही जागा सोडली, तेव्हा त्यांचे वय सदतीसच्या आसपास होते. म्हणजे ते निवृत्त झाले नव्हते की थकले नव्हते. सगळी कारकीर्द अजून पुढे होती.

त्यांनी स्वतःकडे पाहिले तेव्हा काय दिसले, हे ‘अल्-मुन्किझ मिन अद्-दलाल’ या आत्मकथनात त्यांनी लिहून ठेवले आहे. आपण धर्म शिकवतो, पण तो अल्लाहसाठी नाही, मान आणि नावलौकिकासाठी, असे त्यांना दिसले. दारू नाही, जुगार नाही, चोरी नाही. धर्माचेच काम, आणि त्याच कामात त्यांनी स्वतःची नियत तपासली. सहा महिने सोडू की राहू या ओढाताणीत गेले. शेवटी जीभ अडखळू लागली, शिकवता येईना, अन्न पचेना. हे दुखणे मनाचे आहे, असे सांगून वैद्यांनी हात टेकले.

आता आपले ‘स्वतःकडे बघणे’ याच्या शेजारी ठेवून पाहा. आपल्याला त्यातून शांती हवी असते. सकाळचे फिरणे, एखादे ध्यानाचे शिबिर, मोबाइलवर चार सूफी गाणी. गझालींची आधी झोप उडाली. मग त्यांनी मुलाबाळांच्या गुजराणीपुरते ठेवून बाकीची संपत्ती वाटून टाकली आणि दमास्कसची वाट धरली. पुढे हजरत इब्राहीम यांच्या कबरीपाशी त्यांनी शपथ घेतली की सुलतानाच्या दारी जाणार नाही, त्याचा पैसा घेणार नाही आणि भर सभेत वादविवाद करणार नाही. ज्या तीन गोष्टींनी त्यांना मोठे केले होते, त्याच तीन त्यांनी सोडल्या. ज्या चिंतनाने खिशातले काहीच कमी होत नाही, ते चिंतन नव्हे, विरंगुळा आहे.

ते कायमचे गुहेत जाऊन बसले, हेही खरे नाही. ११०६ मध्ये निशापूरच्या मदरशात ते पुन्हा शिकवू लागले. काम तेच होते. बदलला होता तो त्या कामाचा हेतू.

‘इह्या उलूम अद्-दीन’ या ग्रंथात त्यांनी आत्मपरीक्षणाला व्यापाऱ्याची उपमा दिली आहे. स्वतःच्या मनाला धंद्यातला भागीदार समजा. सकाळी त्याच्याशी अटी ठरवा, दिवसभर लक्ष ठेवा आणि संध्याकाळी वही उघडून हिशेब घ्या. हा हिशेब रोजचा आहे. साठी उलटल्यावर चाळीस वर्षांच्या वह्या एकदम उघडणाऱ्या दुकानदाराला आपण शहाणा म्हणू का?

यावर एक वजनदार आक्षेप आहे. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने मुसलमानांचे शिक्षणातले आणि नोकऱ्यांमधले मागासलेपण आकड्यांनिशी मांडले. ज्या समाजाची मुले शाळा अर्धवट सोडतात, त्याला कसले आत्मचिंतन शिकवता? आधी त्यांना डॉक्टर-इंजिनियर होऊ द्या! जरूर होऊ द्या, माझा यशाला विरोध नाही. शाळा सुटलेल्या पोराला मी अंतर्मुख व्हायला सांगत नाही. हा प्रश्न जे पोहोचले आहेत त्यांना आहे, आणि तो मागासलेपणाच्या आड लपवता येत नाही. उलट, पोहोचलेल्यांनी वेळीच हिशेब केला असता तर मागे राहिलेल्यांच्या वाट्याला काही आले असते.

हिशेब कशाचा, तेही स्पष्ट बोलू. सूरह निसामध्ये मुलीचा वाटा ठरवून दिला आहे. तरी वडील गेले की बहिणीकडून हक्कसोड पत्रावर सही घेतली जाते आणि त्याच जमिनीच्या पैशातून भाऊ हजला जातो. बायकोचा मेहर निकाहनाम्यावरच राहतो. रमजानमध्ये जकातीची पाकिटे वाटणाऱ्या ठेकेदाराकडे मजुरांची दोन महिन्यांची मजुरी अडकलेली असते. आपल्याच मोहल्ल्यातल्या पेशंटला डॉक्टर नको त्या तपासण्या लिहून देतो आणि लॅबकडून कमिशन घेतो. हे सगळे नमाजी आहेत. दुर्दैवाने यांतल्या कुणालाही आपण हिशेब विचारत नाही. उलट मशिदीच्या जलशात पहिल्या रांगेत बसवतो.

हे फक्त मुसलमानांचे आहे असेही नाही. हक्कसोड पत्रावर सही घेणारे भाऊ महाराष्ट्रात सर्व धर्मांत आहेत, आणि आयुष्याच्या उत्तरार्धात शांती शोधणारेही.

म्हणून ज्यांना खरोखर स्वतःकडे बघायचे आहे, त्यांना माझे सांगणे एवढेच: शिबिराचे पैसे भरण्याआधी बहिणीला फोन करा. तिचा वाटा किती होतो ते काढा आणि तो तिच्या नावावर करून द्या. आयुष्याचा अर्थ काय, हा प्रश्न त्यानंतर अल्लाहसमोर मांडायला तोंड तरी राहील.