अंधारी खोली नको, आज मैदानही नको!

क्रीडाशिक्षक, प्रशिक्षक, पालक आणि मंडळांचे कार्यकर्ते यांस जाहीर आवाहन

चढाईत गुडघा डोक्याला लागतो. सीझन बॉल हेल्मेटवर आदळतो. दहीहंडीच्या सरावात थर कोसळतो. मग डोक्यावर पाणी ओतायचे, "काही नाही झालं, ऊठ!" म्हणायचे आणि पोराला पुन्हा उतरवायचे, ही आपली रीत. रात्री तोच पोरगा गरगरतंय म्हणाला की घरचे दुसरे टोक गाठतात: खिडक्या बंद, शाळा बंद, महिनाभर अंथरूण.

दोन्ही चूक. पहिली जिवावर बेतू शकते. दुसरी मायेपोटी होते, म्हणून तिला कोणी बोलत नाही. आम्ही बोलणार.

अमेरिकेतील मिलवॉकीत कन्कशन, म्हणजे डोक्याला मार बसून मेंदूला हादरा, झालेल्या मुलांवर झालेला अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. पाच दिवस सक्तीची विश्रांती घेतलेल्यांनी एक-दोन दिवसांत हळूहळू उठलेल्यांपेक्षा जास्त त्रास सांगितला. 2019 मध्ये बफेलोच्या डॉ. जॉन लेडी यांच्या गटाने 103 किशोर खेळाडूंची तुलना केली. रोज झेपेल इतका, दम वाढवणारा व्यायाम करणारे साधारण 13 दिवसांत बरे झाले. नुसते अंग ताणणारे 17 दिवसांत. चार दिवसांचाच फरक, म्हणाल. पण व्यायामाने दुखणे वाढते, ही भीती त्यातून खोटी ठरली. खेळातील कन्कशनवरच्या 2022 च्या ॲमस्टरडॅम परिषदेत जमलेल्या तज्ज्ञांनीही लक्षणे पूर्ण जाईपर्यंत पडून राहण्याचा सल्ला मोडीत काढला.

मग करायचे काय? पहिले एक-दोन दिवस आराम. घरातल्या घरात हिंडाफिरायला हरकत नाही, मोबाइल मात्र कमी. त्यानंतर डॉक्टरांना विचारून चालणे किंवा जागेवरची सायकल. आधी विचारा, "दहापैकी किती दुखतंय?" चालताना तो आकडा आधीपेक्षा दोनहून जास्त वाढला तर थांबा, उद्या पुन्हा बघा. किंचित वाढून तासाभरात उतरला तर घाबरू नका.

याचा अर्थ मैदान मोकळे झाले असा कोणी काढू नये. कबड्डीची पकड, कुस्ती, गोलंदाजीसमोर उभे राहणे, थरावर चढणे हे सगळे बंद. दमछाक होऊनही त्रास होत नाही अशी अवस्था आल्यावर आणि डॉक्टरांनी लेखी परवानगी दिल्यावरच ते सुरू होईल. "स्कॅन नॉर्मल आहे" हे कारण चालणार नाही. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव आणि हाडाची मोड दिसते. कन्कशन बहुधा दिसतच नाही. वारंवार उलटी, झटके, वाढत जाणारी डोकेदुखी, ग्लानी, हातापायातली शक्ती जाणे, यांतले एकही दिसले तर व्यायामाची भाषा सोडा आणि तडक रुग्णालय गाठा.

आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये कन्कशन झालेल्या खेळाडूसाठी 2019 पासून बदली खेळाडू मिळतो. 2020 मध्ये कॅनबेरातल्या सामन्यात डोक्याला चेंडू लागलेल्या जडेजाच्या जागी चहल आला, त्याने तीन बळी घेतले, आणि चर्चा रंगली ती भारताने फायदा उपटल्याची! जडेजाच्या डोक्याची विचारपूस त्यात मागे पडली. आपल्या गल्लीतल्या चषकात तर बदलीचा नियमच नसतो, म्हणून जखमी पोरगाच पुन्हा उतरतो.

स्पर्धा भरवणाऱ्यांनो, तुमच्या नियमावलीत दोन ओळी घाला: डोक्याला मार बसून त्रास झालेला खेळाडू त्या दिवशी परत उतरणार नाही, आणि त्याच्या जागी बदली खेळाडू मिळेल. शाळांनो, अशा मुलाला खेळाच्या तासाला वर्गात कोंडू नका. शिक्षकांच्या नजरेखाली मैदानाला फेऱ्या मारू द्या. आणि पालकांनो, तिसऱ्या दिवशी डॉक्टरांना स्वतःहून विचारा: "याला आज किती चालवू?"