स्वार, तबकडी आणि 'मुंबई स्पेशल'

परवाच्या वीकांताला जालावर भटकत भटकत पुन्हा एकदा जुन्या लष्करी पिस्तुलांच्या नादी लागलो. (मी बोरिवलीत राहतो आणि बंदूक फक्त एनसीसीत हातात धरली आहे, तेव्हा घाबरू नका!) जर्मन लुगर, इटालियन बेरेटा, इंग्रजांचं वेब्ली... युद्धं संपली, सैन्यांनी जुना माल विकून टाकला आणि अमेरिकेत लोक तो हौसेने जमवत बसले.

मला मजा वाटते ती त्यांच्या पारखण्याची. नळीतले आटे शाबूत आहेत का? मूळचा निळसर-काळा मुलामा किती उरलाय? सगळ्या भागांवरचे नंबर जुळतात का? लुगरच्या तर बारीकसारीक भागांवरही नंबर ठोकलेले असत. आणि सगळ्यात गंमत म्हणजे, नव्याने मुलामा दिलेलं चकचकीत पिस्तूल हे घासलेल्या पण मूळ मुलाम्याच्या पिस्तुलापेक्षा स्वस्त जातं. चकाकी वाढली की किंमत घटते!

आपल्याकडे हा छंद जवळजवळ बंदच. १९५९ चा शस्त्र कायदा आहे, परवाना लागतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात. दोन वस्तूंचा काय डोंबल संग्रह होणार? (आणि तसंच असावं, असं माझं स्पष्ट मत आहे.) म्हणून लष्करी जुन्या वस्तूंचा किडा चावलेला मुंबईकर घड्याळांकडे वळतो. निदान मी तरी वळलो.

आता 'वेस्ट एंड वॉच कंपनी' हे नाव कुणाला आठवतंय का? तुमच्या आजोबांना नक्की माहीत असणार. घड्याळं स्विस, पण मुंबईशी संबंध एकोणिसाव्या शतकापासूनचा. त्यांचं 'सोवार' हे मॉडेल, म्हणजे आपला घोडेस्वारातला स्वार, ब्रिटिश हिंदी फौजेतल्या कित्येकांच्या मनगटावर होतं. माझ्या आजोबांच्याही. म्हणून चोर बाजारात एका शनिवारी एक 'सोवार' दिसलं, तबकडीवर फौजेचं झोकदार चिन्ह, तेव्हा मी हुरळलो. विक्रेता म्हणाला, "मिलिटरी का माल है, एकदम ओरिजिनल." साडेतीन हजार मोजले आणि ग्रँट रोडहून बोरिवली लोकलमध्ये उभ्याने प्रवास करतानासुद्धा मनगटाकडे बघून खूश होत होतो.

दुसऱ्या आठवड्यात घाटकोपर स्टेशनजवळच्या एका घड्याळवाल्या काकांना दाखवलं. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, मागचं झाकण उघडलं आणि शांतपणे म्हणाले, "डायल नवं रंगवलंय, मशीन तिसऱ्याचं, केस चौथ्याची. वेळ मात्र बरोबर दाखवतं हो!"

मग त्यांनीच शिकवलं. तुम्हालाही सांगून ठेवतो, पैसे वाचतील.

आधी तबकडी बघा. मिनिटांच्या रेघा आकड्यांच्या बरोबर समोर येतात का? छोट्या सेकंद-काट्याचं वर्तुळ मध्यावर आहे का? अक्षरांच्या कडा फुटल्यासारख्या दिसतात का? छापताना हात हलला की सगळं कळतं. मग काट्यांवरचं आणि आकड्यांवरचं रेडियम बघा. दोन्ही बरोबरच म्हातारी व्हायला हवीत. काटे पिवळट-तपकिरी आणि आकडे हिरवेगार असतील तर कुठेतरी पाणी मुरतंय. (जुन्या घड्याळांत खरोखरचं रेडियम असतं. त्याची चमक मरते, पण किरणोत्सर्ग निम्मा व्हायलाच सुमारे १६०० वर्षं लागतात. ते नखाने खरवडू नका, झाकण घरी उघडू नका.) शेवटी मशीन. स्क्रूच्या खाचा फाटल्यात का, गंज आहे का, मशीनवरचं नाव तबकडीशी जुळतं का. पिस्तुलाचे नंबर जुळवणं म्हणतात ते हेच.

घरी येऊन चिडून जालावर शोधलं तर कळलं की अशा घड्याळांना जगभरचे संग्राहक 'मुंबई स्पेशल' म्हणतात. आपल्या शहराच्या नावाची शिवीच की ही! आणि मी नव्या ज्ञानाच्या भरात एक मूर्खपणा केला. आजोबांचं 'सोवार' कपाटातून काढलं, भिंगाखाली धरलं. तबकडी रंगवलेली! बाबांना म्हणालो, "तुम्ही या घड्याळाची वाट लावलीत. मूळ तबकडी असती तर किती किंमत आली असती!"

बाबा काहीच बोलले नाहीत. दोन दिवस.

तिसऱ्या दिवशी चहा पिताना आपणहून सांगितलं. १९७९. मुलाखतीला जायचं होतं. मुंबईच्या पावसाने तबकडी इतकी कुजली होती की आकडे दिसेनात. परदेशी घड्याळाचे सुटे भाग आयात-परवान्यांच्या त्या दिवसांत मिळायचे नाहीत, आणि मिळाले तरी परवडायचे नाहीत. घाटकोपरच्या एका कारागिराने तबकडी रंगवून दिली. मुलाखतीला बाबा वेळेवर पोचले. त्या नोकरीवर आमचं घर चाललं.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. दुरुस्ती हा दोष नाही, दुरुस्ती लपवणं हा दोष आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत डेपोंनी जप्त केलेली हजारो जर्मन शस्त्रं सुटी केली, भाग अदलाबदल झाले, पुन्हा मुलामा दिला आणि साठवून ठेवली. त्यात फसवणूक नव्हती, काम होतं. आज संग्राहक त्यांना 'रशियन कॅप्चर' म्हणून ओळखूनच विकत घेतात. ती 'न हात लावलेली' म्हणून विकली तरच ते खोटं. मुंबईच्या कारागिरांनी पावसात सडलेली, सुटे भाग न मिळणारी घड्याळं चालती ठेवली. त्या कारागिरीला शिवी द्यायची आणि 'एकदम ओरिजिनल' म्हणणाऱ्याला सोडून द्यायचं, हे मला पटत नाही.

आपण सॉफ्टवेअरवाले तर रोज हेच करतो. दुसऱ्याच्या जुन्या कोडला ठिगळं लावतो. ठिगळाची लाज नसते, पण बदलाची नोंद न ठेवणाऱ्याला आपण काय काय बोलतो ते आठवा!

म्हणून आजोबांच्या घड्याळाच्या डबीत एक चिठ्ठी ठेवली आहे: 'तबकडी १९७९ मध्ये घाटकोपरला रंगवली, कारण पाऊस आणि मुलाखत.' खाली बाबांची सही घेतली. सही करताना ते हसले, तेवढ्याने माझं काम झालं.

त्या साडेतीन हजारांच्या घड्याळातही चिठ्ठी आहे. त्यात फक्त काकांचं वाक्य लिहिलंय. ते मी कुणाला विकणार नाही, आणि विकलंच तर चिठ्ठीसकट.

असो. तुमच्याही घरी कपाटात एखादं बंद घड्याळ असेलच. त्याची किंमत विचारायच्या आधी, त्याला कुणी आणि का हात लावला होता, ते घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. घड्याळ नंतरही दुरुस्त होईल, सांगणारं माणूस मात्र कायम असेलच असं नाही.