आकडा छापावा तो पुरा

परदेश-सहलींच्या पॅकेजवरील टीसीएस १ एप्रिल २०२६ पासून सरसकट २ टक्के झाला आणि पाच व वीस टक्क्यांचा दुहेरी जाच एकदाचा संपला, याबद्दल अर्थखात्याचे आभार मानावयास आम्ही लेखणी उचलली होती. परंतु त्याच आठवड्यात काही व्यवसायबंधूंच्या उन्हाळी सहलींची रंगीत पत्रके टपालाने येऊन पडली, ती चाळल्यावर आभाराचा मजकूर आटोपता घेऊन दुसराच मजकूर लिहिणे आम्हांस प्राप्त झाले.

प्रथम सरकारचे पाहू. १ ऑक्टोबर २०२० रोजी हा टीसीएस पाच टक्क्यांनी सुरू झाला. १ ऑक्टोबर २०२३ पासून सात लाखांपर्यंत पाच आणि त्यावर वीस टक्के झाला. गेल्या वर्षी एप्रिलपासून सात लाखांची मर्यादा दहा लाखांवर गेली. बारा लाखांची सहल एका नावावर घेणाऱ्या गृहस्थास गेल्या मार्चपर्यंत नव्वद हजार रुपये निव्वळ या सदराखाली अगोदर मोजावे लागत. आता चोवीस हजार. ही रक्कम विवरणपत्रात वळती होते, न झाल्यास परताव्याच्या रूपाने येते, हे आपण गिऱ्हाइकास घसा कोरडा होईस्तोवर सांगत आलो. पण ज्या निवृत्ताचे उत्पन्न करपात्रच नाही, त्याने केवळ आपलेच पैसे परत मिळविण्यासाठी विवरणपत्र भरावे आणि तोवर खिशाला चाट सोसावी, यातील न्याय त्याला पटवून देणे आम्हांस कधीच साधले नाही.

दर उतरला, तरी मूळची विसंगती जागच्या जागी आहे. पॅकेज म्हणजे काय, याचा खुलासा ३० जून २०२३ च्या परिपत्रकाने केला तो असा की, नुसते विमानाचे तिकीट विकले तर ते पॅकेज नव्हे, नुसते हॉटेल विकले तरी ते पॅकेज नव्हे. मात्र दोहोंची गाठ पडली की ते पॅकेज! बोहल्यावर चढेपर्यंत वधू आणि वर दोघेही करमुक्त, अंतरपाट दूर होताच जोडपे करपात्र, असा हा मामला आहे. शिवाय जो प्रवासी स्वतःच्या भटकंतीसाठी बँकेतून परकीय चलन घेतो, त्याला वर्षाकाठी दहा लाखांपर्यंत टीसीएसची झळ नाही. तोच प्रवासी आपल्या काउंटरवर येऊन सगळी व्यवस्था एकत्र मागू लागला, की पहिल्या रुपयापासून दोन टक्के. परदेशात पोचल्यावर क्रेडिट कार्डाने केलेला खर्चही याच मर्यादेच्या हिशेबात धरण्याचे फर्मान २०२३ च्या मे महिन्यात निघाले होते. जूनअखेर ते लांबणीवर पडले ते पडलेच. म्हणजे जो परवाना घेऊन, जीएसटी भरून, रीतसर एक बिल फाडतो, त्याच्यावरच सरकारी कारकुनाची नजर. वीस टक्क्यांच्या काळात बाप, आई आणि कमावता मुलगा यांच्या तीन पॅनवर एकाच सहलीची तीन बिले करण्याची जी कला आपल्या धंद्यात उदयास आली, तिचे गुरुपद आम्ही निःसंकोचपणे त्या नियमाला देतो.

एवढे सांगून झाल्यावर घरात पाहिले पाहिजे. टीसीएसच्या सबबीआड आपण जे झाकीत होतो, ते आता झाकता यावयाचे नाही. गेल्या वर्षी मे महिन्यात सपत्नीक युरोप पाहून आलेले एक निवृत्त मुख्याध्यापक आमच्या कार्यालयात एक पाठकोरी वही घेऊन आले. पत्रकावर दोघांचे मिळून ४ लाख ९८ हजार. वहीच्या अखेरच्या पानावर लाल शाईने दोनदा अधोरेखित केलेली बेरीज ६ लाख ६६ हजार. मधल्या पानांवर जीएसटी होता, टीसीएस होता. माणशी ९० युरो व्हिसाशुल्क आणि त्यावर अर्ज घेणाऱ्या केंद्राची निराळी फी होती. रोमच्या हॉटेलात रात्रीच्या हिशेबाने मोजलेला नगरकर, ड्रायव्हर व गाइड यांच्या टिपेसाठी दुसऱ्याच दिवशी बसमध्ये फिरलेला लिफाफा, ‘स्वखर्चाने’ घ्यावयाची दुपारची जेवणे, एवढेच नव्हे तर प्रसाधनगृहाच्या दारावरचे नाणेसुद्धा तारीखवार होते. ‘ऐच्छिक’ म्हणून दाखविलेल्या सहलींवर पंचेचाळीस हजार गेले होते. “ऐच्छिक खरे,” ते म्हणाले, “पण सगळी मंडळी डोंगरावर गेली असता आम्ही दोघांनी पायथ्याच्या बसतळावर चार तास करावयाचे काय?” या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते, पत्रक छापणाऱ्यापाशी असल्यास त्याने कळवावे.

वहीतील अठरा हजारांच्या एका रकमेपुढे त्यांनी प्रश्नचिन्ह काढले होते. ती आरओईची, म्हणजे विनिमयदराची, तफावत होती. नोंदणी जानेवारीत, उरलेला भरणा मे महिन्यात आणि दर भरण्याच्या दिवसाचा, हे बारीक टायपातील कलम त्यांनी वाचले होते. कोटेशन कोणत्या दराने काढले, हे मात्र त्यावर कोठेच नव्हते. डॉलरने गेल्या डिसेंबरात नव्वदी ओलांडली, युरोने त्याआधीच शंभरी. अशा दिवसांत दर न लिहिता दिलेले कोटेशन हे कोटेशनच नव्हे. लँड पार्ट युरोत किती, रुपयांत किती, दर कोणता धरला आणि तो दोन रुपयांनी चढल्यास बोजा किती वाढेल, एवढ्या चार ओळी लिहावयास कोणते परिपत्रक आड येते?

‘पूर्ण आकडा छापला तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते’ ही तक्रार आमच्या परिचयाची आहे, आणि ती सर्वस्वी खोटी नाही. परंतु शेजारच्या दुकानात गेलेले गिऱ्हाईक पुढल्या वर्षी कोणाच्याच दुकानात जात नाही. मोबाइलवर तिकीट एकीकडे, हॉटेल दुसरीकडे घेऊन मोकळे होते, आणि वर सांगितलेल्या परिपत्रकाच्या कृपेने त्याला दोन टक्केही द्यावे लागत नाहीत.

दिवाळी-नाताळच्या पत्रकांचा मजकूर येत्या दोन-तीन महिन्यांत छापखान्यात जाईल. त्यात माणशी एकच रक्कम मोठ्या टायपात छापा: जीएसटी, टीसीएस, व्हिसा, विमा, नगरकर, टीप आणि ज्या सहलींवाचून कार्यक्रम लंगडा पडतो त्या सर्व सहलींसह, आणि तिच्याखाली आरओई व त्याची तारीख लिहा. असे पत्रक जे सभासद काढतील, त्यांनी त्याची एक प्रत आमच्या कार्यालयाकडे धाडावी. दिवाळी अंकात आम्ही ती विनामूल्य छापू.