घर इकता काय?

वर्धा नदीकाठच्या कौंडण्यपुरात, किंवा तिवसा तालुक्यातल्या कोणत्याही जुन्या गावात, अशी घरं दिसतात: पांढऱ्या मातीची भिंत पोट काढून उभी, कवेलू सरकलेले, दाराला कुलूप किंवा ओसरीवर एकटी म्हातारी. पोरं अमरावतीला, नाही तर पुण्याला. असं घर पाडून नवं बांधू पाहणाऱ्यानं दलाल न गाठता थेट मालकाचं दार वाजवावं का?

वाजवावं, असं मला वाटतं. दलाली वाचते, पण तो लहान फायदा. घर विकायचं की नाही, हे पुष्कळदा मालकानंच ठरवलेलं नसतं. कुणी विचारलं म्हणजे भावाभावांत बोलणं निघतं. एरवी दर पावसाळ्यात एकेक खण खाली येत राहतो.

पण दारात येणारा हिशेब करून आलेला असतो, आणि ओसरीवरच्या बाईनं तो केलेला नसतो. ‘मावशी, पडकंच त हाये, किती येनार त्याचे?’ म्हणताना त्याची नजर आतल्या सागवानी खांबांवर असते. जुन्या सागवानाला गिऱ्हाईक मिळतं. तेव्हा खांब, तुळया, चौकटी यांची किंमत जागेपासून वेगळी काढल्याशिवाय मालकानं आकडा बोलू नये. पहिल्याच भेटीत इसार पुढे करणाऱ्याला तर घाई कशाची, हे आधी विचारावं.

कागदांचं थोडक्यात: गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. ग्रामपंचायतीचा नमुना 8 हा कराचा कागद. त्यानं मालकी सिद्ध होत नाही. 2020च्या स्वामित्व योजनेत ड्रोननं मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळू लागली, तरी तिच्यावर थोरल्याचं नाव लागलं म्हणून धाकट्याचा वाटा मिटत नाही. बहिणींचाही नाही.

खरी अडचण बहिणींपाशीच आहे. कौंडण्यपूर म्हणजे रुक्मिणीचं माहेर. आषाढीला तिची पालखी इथूनच पंढरपूरला जाते. माहेरच्या लेकीचा हा मान, आणि 1956च्या हिंदू वारसा कायद्यात मात्र एक कलम असं होतं, की राहत्या घराची वाटणी मुलीनं मागायची नाही. भाऊ वाटे करतील तेव्हाच तिला मिळेल. 2005 साली ते कलम गेलं. ‘तिचं काय, देईल सही करून’ हे बोलणं काही गेलं नाही. दलाल निदान आपली दलाली अडकू नये म्हणून वारस मोजतो. थेट येणाऱ्याला समोर बसलेला भाऊ तेवढा दिसतो. त्या एकाचाच हिस्सा घेतला, तर अविभक्त घरात परक्याला राहायचा हक्क मिळत नाही, आणि पाडून बांधणं राहतं बाजूलाच.

थेट जायचं, तर सगळ्याच दारांवर जावं. एक बहीण नदीपलीकडे आर्वीला दिलेली असते, दुसरी अकोल्याला. दोघींकडे जाऊन यायला फार तर दोन दिवस मोडतात.