पावत्या जपून ठेवा!

यंदाच्या आखाजीला आमच्या घरात फ्रिज आला. साधा, सिंगल डोअर, साडेसतरा हजारांचा. टेम्पो गल्लीच्या तोंडाशी थांबला, पुढं तो जातच नाही. तिथून चौघांनी खांद्यावर आणला. अख्खी गल्ली बघत होती. माय दारात उभी. तिनं नारळ फोडला नाही, कुंकू लावलं नाही. नुसता हात फिरवला त्याच्यावरून. नव्या सुनेच्या तोंडावरून फिरवतात तसा.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात गेलो. मी तिथं तासिकेवर शिकवतो. म्हणजे तास झाला तर पैसे, सुट्टी लागली तर उपास. स्टाफरूममध्ये एका कायम नोकरीवाल्या प्राध्यापकानं विचारलं, "काय सर, फ्रिज घेतला म्हणे? मग आता कसली गरिबी! आता तरी सवलती सोडा. आमच्या टॅक्सवर किती दिवस?" हसत हसत विचारलं. हे लोक नेहमी हसतच विचारतात.

संध्याकाळी वस्तीत आपलाच एक कार्यकर्ता भेटला. जय भीम झाला. तो म्हणाला, "चळवळ अशीच संपते बघ. बाप मोर्च्यात होता, पोरगा शोरूममध्ये. चंगळवाद आहे हा सगळा."

दोस्तांनो, या दोघांना एकदाच उत्तर द्यावं म्हणून लिहायला बसलोय. एकाला वाटतं, वस्तू आली म्हणजे जात गेली. दुसऱ्याला वाटतं, वस्तू आली म्हणजे चळवळ गेली. आमच्या घरातल्या वस्तूंची गोष्ट या दोघांनीही ऐकलेली नाही.

पहिल्याचा हिशोब आधी चुकता करतो. फ्रिजवर १८ टक्के जीएसटी आहे. माझ्या साडेसतरा हजारांतले सुमारे २,६७० रुपये सरकारजमा झाले. माझी जात विचारून कुणी त्यातला पैसा माफ केला नाही. मसाल्यापासून मोबाईलच्या रिचार्जपर्यंत ही वस्ती रोज टॅक्स भरते. तेव्हा 'आमच्या टॅक्सवर' ही भाषा बंद करा.

आता आखाजीची गोष्ट. त्या दिवशी जळगावच्या सराफ बाजारात पाय ठेवायला जागा नसते. सोनं घ्या, अक्षय राहतं, म्हणतात. सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. हे सगळं पुस्तकांतून आलंय. पण आपल्या खान्देशात आखाजीलाच सालदाराचं सालही बदलतं. ते किती पुस्तकांत आलं? माझा आजा एरंडोलकडच्या एका खेड्यात सालदार होता. आखाजीला मालकाच्या ओट्याखाली उभं राहायचं. वर्षाचा आकडा ठरायचा. थोडे दाणे, थोडी रोकड. मागची उचल फिटलेली नसायची, म्हणून पुढचं सालही त्याच ओट्याखाली. ज्या मुहूर्तावर गाव सोनं घ्यायचं, त्याच मुहूर्तावर आमचा माणूसही घ्यायचं. वर्षभरासाठी.

म्हणून आम्ही आखाजीलाच फ्रिज घेतला. मुहूर्त म्हणून नाही. हिशोब म्हणून.

चंगळवादाचं भाषण देणाऱ्या मित्राला माझा एक प्रश्न आहे. या देशात वस्तू बाळगणं आमच्यासाठी कधी साधी गोष्ट होती? मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळानं फुटक्या भांड्यात खावं, लोखंडाचे दागिने घालावेत, मेलेल्याची वस्त्रं नेसावीत, असं लिहून ठेवलंय. शूद्रानं धन साठवू नये, त्याचा ब्राह्मणाला त्रास होतो, हेही तिथंच. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिव्यवस्थेचे निर्मूलन' या भाषणात अहमदाबाद जिल्ह्यातल्या झानू गावचा दाखला दिलाय. नोव्हेंबर १९३५ मध्ये तिथल्या बऱ्या घरच्या अस्पृश्य बाया धातूच्या भांड्यांतून पाणी आणायला लागल्या. मातीचं मडकं टाकून धातूचं भांडं घेतलं, एवढाच त्यांचा गुन्हा. गावानं त्यांना मारलं. त्याच भाषणात चकवाऱ्याची हकिगत आहे. तिथं अस्पृश्यांनी पंक्तीत तूप वाढलं म्हणून गाव लाठ्या घेऊन धावून आलं.

तेव्हा हंडा विकत घेणं हेही बंड होतं. १९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेब बायांना सांगत होते, लुगडं नीट खाली पायापर्यंत नेसा, जातीची ओळख सांगणारे ते जडशीळ दागिने टाका. ती काय फॅशनची शिकवणी होती? आणि हे जुनं झालं असं समजू नका. २०१५ साली शिर्डीत एका दलित पोराच्या मोबाईलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली, म्हणून त्याचा खून झाला. मोबाईल विकत घेता येतो. तो कोणत्या सुरात वाजवायचा, हे अजून गावातले टगे ठरवतात.

फ्रिजकडे परत येतो. आमच्या माणसांचा फ्रिज म्हणजे उन्हात बांधलेली दोरी. मांस मिळायचं तेव्हा एकदम मिळायचं, नाही तेव्हा महिनोन् महिने नाही. म्हणून त्याच्या लांब पट्ट्या कापायच्या, वाळवायच्या, डब्यात ठेवायच्या. चान्या. शाहू पाटोळेंनी २०१५ च्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात हे सगळं अन्न नावानिशी लिहून ठेवलंय. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी वाचावं. महाडनंतर आपल्या लोकांनी मेलेल्या ढोराचं मांस सोडलं. ती भूक सोपी नव्हती, तरी सोडलं. आणि आज काय? २०१५ च्या मार्चपासून महाराष्ट्रात बैलाचंही मांस बंद. त्याच वर्षी सप्टेंबरात उत्तर प्रदेशात दादरीजवळ एका मुसलमान माणसाला घरात गोमांस आहे या अफवेवरून जमावानं ठार मारलं. मग चर्चा कशाची, तर त्याच्या फ्रिजमधल्या मांसाची. फ्रिज आणला त्या रात्री माय म्हणाली, "मटण ठेवशात तं दार बंद करीसन ठेवजात." मी हसलो. नंतर हसू आलं नाही.

आता फ्रिज आला कसा ते सांगतो, कारण खरी गोष्ट तिथंच आहे.

शोरूमवाल्यानं आधी खुर्ची दिली, पाणी दिलं. 'सर, सर' केलं. झिरो परसेंट हप्ते, दहा मिनिटांत मंजुरी. मी कागद दिले. पत्ता सांगितला. आमच्या नगराच्या नावातच बुद्ध आहे. पोरानं कम्प्युटरमध्ये पत्ता घातला आणि थांबला. मग हळू आवाजात म्हणाला, "दादा, हा एरिया निगेटिव्ह दाखवतो. इथं फायनान्स होत नाही." सरचा दादा व्हायला एक मिनिट लागला. पोराची चूक नव्हती, तोही कुठल्यातरी वस्तीतलाच होता. माझ्याबरोबर तासिकेवर शिकवणारा एक मित्र आहे. तेवढेच तास, तेवढीच कमाई, तसेच कागद. तो नव्या प्लॉटांतल्या सोसायटीत राहतो. त्याला त्याच आठवड्यात त्याच योजनेत टीव्ही मिळाला.

डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारनं जातिवाचक वस्त्यांची नावं बदलण्याचा निर्णय घेतला. चांगलं केलं. पाटी बदलली. कम्प्युटरमधला एरिया मात्र तसाच निगेटिव्ह. गावकूस आता मातीचं राहिलेलं नाही. ते स्क्रीनवर उभं आहे आणि त्याला जात विचारायची गरजच पडत नाही.

शेवटी बायकोनं बचतगटासारख्या एका गटातून तीस हजारांचं कर्ज काढलं. दहा बायांचा गट. चोवीस महिने, महिन्याला १,५६० रुपये. फ्रिज घेतला, उरलेल्यात पोरीची फी भरली. गुणाकार करा. ३७,४४०. म्हणजे तिसाला ७,४४० वर. माझ्या मित्राला शून्य टक्के, माझ्या बायकोला बावीसच्या घरात. गरिबाला पैसा महाग मिळतो, आणि गरीब कोण हे पत्ता ठरवतो. वर गटाची अट. एकीचा हप्ता चुकला की उरलेल्या नऊजणी तिच्या दारात. कंपनीला गुंड पाठवायची गरज काय? आमच्याच बाया आमच्याच बायांवर वसुलीला.

मला इथं आजा आठवतो. उचल घ्यायची, ती फिटेपर्यंत राबायचं, फिटत आली की पुन्हा उचल. ओटा गेला, ॲप आलं. पण फरकही सांगितला पाहिजे, नाहीतर मी खोटं बोलेन. आज्याला मालकाची वही वाचता येत नव्हती. माझ्या बायकोला वाचता येते. रिझर्व्ह बँकेचे नियम १ एप्रिल २०२२ पासून लागू आहेत. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला हे बिनतारण कर्ज. सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. कर्जाचं कार्ड घेणाऱ्याला कळेल अशा भाषेत हवं. वसुलीला धमकी, शिवीगाळ चालत नाही. हे नियम वस्तीत किती जणांना ठाऊक आहेत? जयंतीच्या डीजेसाठी आपण घरोघर फिरतो. हे वाचून दाखवायला कोण फिरणार?

आता आपल्याच घरात बघू. फ्रिजच्या आधी आमच्याकडे काय काय आलं? सगळ्यात आधी टीव्ही. तो बापासाठी. मग मोटारसायकल, माझ्यासाठी. मग भावाचा मोठा मोबाईल. भाऊ एमआयडीसीत चटईच्या कंपनीत रात्रपाळी करतो. मग मिक्सर, तोही लग्नात बायकोच्या माहेरून आलेला. सगळ्यात शेवटी, परवाच्या दिवाळीत, कपडे धुवायचं मशीन. जुनं, चार हजारांचं. माझ्या मायनं बावीस वर्षं चार घरची धुणी धुतली. सोड्यानं तिच्या बोटांच्या पेरांना चिरा पडल्या, त्या आता बुजत नाहीत. त्या धुण्यावर आम्ही शिकलो. आणि आम्ही शिकून आधी काय आणलं? टीव्ही.

मशीन आणलं तेव्हा माय रागावली. "कसाले आनं रे हाई? मना हात काय मोडी गयात का?" आठ दिवस तिनं हात लावला नाही. नवव्या दिवशी बायकोनं तिला बटण फिरवायला लावलं. मशीन फिरत होतं आणि माय त्याच्यासमोर पाटावर बसून होती. म्हणाली, "या हातस्नं आते काय करू?"

दोस्तांनो, मी समतेवर भाषणं देतो. या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरात कोणती वस्तू आधी आली आणि कोणती शेवटी, याची यादी प्रत्येकानं करावी. आपल्या घरात अजून कोण वर आणि कोण खाली, ते त्या यादीत दिसेल. बाहेरच्या मनूला जाळणं सोपं आहे.

आखाजीला धुळ्याहून बहीण आली होती. ती तिथं एका खाजगी दवाखान्यात आया आहे. रात्री दहाला पाळी सुटते, रिक्षावाले वस्तीचं नाव ऐकून दुप्पट मागतात. तिनं यंदा जुनी स्कूटी घेतली. अठ्ठावीस हजार. कुठल्या कंपनीकडं गेली नाही. त्यांच्या गल्लीत चौदा बायांची भिशी आहे, महिन्याला दोन हजार. तिचा नंबर लागला, रोख मोजून गाडी आणली. व्याज शून्य. गाडीची कागदपत्रं तिच्या स्वतःच्या नावावर. नवरा म्हणाला, "माझ्या नावावर कर." ती म्हणाली, "हप्ता मी भरला, नाव माझं."

स्कूटी म्हटलं की मला चाळीसगाव आठवतं. ऑक्टोबर १९२९. बाबासाहेब सरकारी समितीचे सभासद म्हणून धुळ्याला बहिष्काराची चौकशी करून परतत होते. चाळीसगावच्या लोकांनी आग्रह करून उतरवून घेतलं. स्टेशनवर तासभर खोळंबा. का, तर एकही टांगेवाला अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला तयार नाही. शेवटी टांगा भाड्यानं मिळाला, टांगेवाला नाही. आपल्याच एका माणसानं हाकला. त्याला सवय नव्हती. पुलावर चाक अडकलं, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, पाय मोडला. घोडा आणि टांगा नदीत. पैसे होते, बॅरिस्टरी होती, सरकारी समितीचं पद होतं. चाक मात्र दुसऱ्याचं होतं. बहीण आता दर ३१ जुलैला त्याच स्कूटीवरून लळिंगच्या लांडोर बंगल्याला जाते, बाबासाहेबांच्या मुक्कामाची आठवण म्हणून लोक जमतात तिथं. मागं तिची पोरगी बसते. याला कुणी चंगळवाद म्हणत असेल तर त्यानं आधी चाळीसगाव ते धुळे पायी चालून दाखवावं.

पण फ्रिज आला म्हणून जात जात नाही. स्कूटी आली म्हणून रात्रीची पाळी सुटत नाही, आयाची नर्स होत नाही, माझी तासिका कायम होत नाही. बाजार आपल्याला वस्तू विकेल, बरोबरी विकणार नाही. ती त्याच्याकडे नाहीच. ज्या दिवशी फ्रिजमधल्या गार पाण्यानं आपला राग थंड होईल, त्या दिवशी तो कार्यकर्ता बरोबर ठरेल. तेवढं त्याला द्यायचं नाही.

तेव्हा घ्या. लाजू नका. पण घरात ज्याचे हात जास्त झिजले, त्याच्या कामाची वस्तू आधी घ्या. बिल बाईच्या नावानं फाडा. कर्जाचं कार्ड मोठ्यानं वाचा. जमेल तिथं कंपनी सोडा, भिशी धरा. ज्या शोरूममध्ये एरिया निगेटिव्ह निघेल, तिथं नकार लेखी मागा. एकट्यानं नका मागू, दहाजण मिळून जा.

आणि पावत्या जपून ठेवा. आमच्या फ्रिजची पावती मायनं पंचशीलाच्या फोटोमागं ठेवलीय. आज्याच्या उचलीचा कागद मालकाकडे असायचा. हा कागद आमच्याकडे आहे.