विडी सुटते, चहा मात्र तसाच राहतो

धूमपान सोडू इच्छिणाऱ्या रुग्णांच्या तक्रारी आपणां सर्वांस परिचित आहेत. चौथ्या-पाचव्या दिवशी झोप उडते, हात कापतात, छातीत धडधडते, चित्त थाऱ्यावर राहत नाही. आपण वातवृद्धी ओळखून जटामांसी, अश्वगंधा, ब्राह्मी यांची योजना करतो. लक्षणांचे वाचन योग्यच आहे. परंतु हेतूचा शोध अर्ध्यावर थांबतो, असे आमचे मत आहे. निदानपरिवर्जनास चिकित्सेचे पहिले सूत्र मानणाऱ्यांनी रुग्णाच्या चहाकडे दुर्लक्ष करणे उचित नव्हे.

चहा-कॉफीतील कॅफीनचे विघटन मुख्यतः यकृतातील सीवायपी १ए२ या विकराकडून होते. विडी-सिगारेटच्या धुरातील डांबरी घटक या विकराचे कार्य वाढवितात. त्यामुळे धूमपान करणाऱ्याच्या शरीरातून कॅफीन सुमारे दुप्पट वेगाने निघून जाते. धूर थांबताच हा वाढीव वेग काही दिवसांत ओसरतो. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार तो दर ३९ तासांच्या सुमारास निम्मा होतो. पेले तेवढेच राहिले तरी रक्तातील कॅफीन वाढते. १९८९ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या अभ्यासात ते सुमारे दुप्पट झालेले आढळले. अस्वस्थता आणि निद्रानाश ही निकोटिन सुटल्याचीही लक्षणे होत. त्यांत ही भर पडते. ‘विडीवाचून आपले चालणार नाही’ असे समजून रुग्ण पुन्हा विडीकडे वळतो. खरा धोका हाच आहे.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नव्हे. म्हणून तंबाखू चघळणाऱ्या रुग्णास हा नियम लागू होत नाही. आणि विडी सोडून निकोटिनचा च्युइंगगम घेणाऱ्यास मात्र तो लागू होतो.

उपाय आपल्या शास्त्रात आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील न वेगान्धारणीय अध्यायात अहितकर सवय पादांशाने सोडण्याचा क्रम सांगितला आहे. धूमपान सोडताना चहा एकाएकी बंद केल्यास डोकेदुखी व ग्लानी येते. म्हणून आरंभी एक चतुर्थांश व आठवड्याच्या आत आणखी एक चतुर्थांश चहा कमी करावा. विघटनाचा वेग निम्मा झालेला असल्याने अर्ध्या चहातही शरीरास पूर्वीइतकेच कॅफीन मिळते. सायंकाळचा पेला प्रथम गाळावा.

औषधविक्रेत्या बंधूंनाही आमचे सांगणे आहे. डोकेदुखीच्या काही गोळ्यांत कॅफीन असते. विडी सोडलेल्या ग्राहकास त्या देण्यापूर्वी घटक पाहावेत. दम्यासाठी थिओफिलिन घेणाऱ्यास तर तत्काळ त्याच्या चिकित्सकाकडे पाठवावे, कारण तेही याच विकराने विघटित होते व त्याची मात्रा विषारी ठरू शकते.

‘दिवसाला चहा किती?’ हा प्रश्न प्रत्येक धूमपानत्यागी रुग्णाच्या प्रश्नपरीक्षेत असावा, असे आम्ही आग्रहाने सुचवितो. त्यास खर्च नाही. न विचारल्यास मात्र रुग्णाचा निश्चय ढळण्याचे भय आहे.